भिंतभर पडदा

मारेगाव,
१० मार्च २०२४

॥ जय सेवालाल ॥

तीर्थस्वरूप रामसिंग भियास,
धाकट्या बहिणीचा सा. न. वि. वि.

आम्ही इकडे जसे आहो तसे आहो. तुझी, वहिनीची अन् दुकानाची खुशाली कळव. हातात फोन असतानी ही पुष्पा कागद कायले खराब करून राह्यली, असं तुले वाटलं असन. भिया, आमचं घर दोन खोल्यांचं. मी चुलीपाशी हळू बोलली तरी समोरच्या खोलीतून हे विचारतात की रामसिंग काय म्हणे. सगळंच यायच्या कानावर जावं असं नसते. म्हणून अंगणवाडीत पोट्टे झोपले की लिहायले बसते.

दिवाळीत लकवा झाला तेव्हापासून यायचं उजवं अंग उचलत नाही. बोलणं अर्धं कळते, अर्धं मी अंदाजानं घेते. पलंग समोरच्या खोलीत मोठ्या खिडकीसमोर लावला आहे. जन्मभर एसटी चालवली, त्यामुळं रस्त्यानं गाडी गेली की न पाहता सांगतात, कोणत्या डेपोची अन् ड्रायव्हर नवा की जुना. मी म्हणते, बायकोचा आवाज एवढ्या ध्यानानं ऐकला असता तर किती बरं झालं असतं.

पत्राचं कारण असं की त्या खिडकीले पडदा पाहिजे. दुपारनंतर ऊन सरळ यायच्या तोंडावर येते, अन् कूस बदलता येत नाही. खिडकी पाच फूट रुंद आहे. रॉड घेऊ की तो ट्रॅक, ज्यात पडदा चाकांवर सरकते? तू धंद्यातला माणूस, तूच सांग. अन् एक गोष्ट, रॉड डाव्या बाजूनं खिडकीच्या बाहेर दोन फूट जाऊ दे. तिकडचा रंग जरा खराब झाला आहे.

वहिनीले नमस्कार. तुझी माया आहे तशीच राहू दे, एवढंच मागते.

तुझी बहीण,
पुष्पा


मुकुटबन,
१८ मार्च २०२४

चि. सौ. पुष्पास,
भियाचे अ. उ. आ.

पत्र भेटलं. पोस्टमननं दुकानात आणून दिलं तर तुझ्या वहिनीले वाटलं कोर्टाची नोटीस आली. तुझं अक्षर पाहून तिचा जीव भांड्यात पडला. मीही तुले कागदावरच उत्तर देतो, म्हणजे पलंगावरच्या भाटव्यांच्या कानाची काळजी नाही.

आता ऐक. ट्रॅक छताले ठोकतात. पडदा वरपासून जमिनीपर्यंत पडते, बंगल्यात शोभून दिसते. एका खिडकीसाठी ते कायले? तुले स्टीलचा रॉड देतो. पाच फुटाच्या वर गेला की रॉड मधात झुकते, म्हणून मधात तिसरं ब्रॅकेट लागते. अन् पडद्याच्या रिंगा त्या ब्रॅकेटपाशी अटकतात, म्हणून दोन पडदे करू, एक इकडून अन् एक तिकडून. खिडकीच्या दोन्ही बाजूंनी अर्धा-अर्धा फूट जास्त सोडतात. उघडल्यावर पडदा भिंतीवर बसते, उजेड अडत नाही. तू मात्र एकाच बाजूले दोन फूट मागून राह्यली! असा लंगडा रॉड पाहून लोक म्हणतीन, रामसिंगच्या फिटरले एका डोळ्यानं दिसत नसन. रंग खराब झाला असन तर रंग मार.

तांड्यावर तू आपल्या याडीची, मायची, ओढणी सुतळीवर टांगून घर-घर खेळायची, तेव्हाही तुझं घर एका बाजूनं वाकडंच असायचं. पण तुले पाहिजे तर पाहिजे. माझ्याकडचा मोईन येईन सोमवारी. त्याचा हात साफ आहे. त्याले चहा जास्त साखरेचा लागते.

भाटव्यांले राम राम. अंगावर दुखणं काढू नको, कळवत जा.

तुझा भिया,
रामसिंग


मारेगाव,
२ एप्रिल २०२४

तीर्थस्वरूप रामसिंग भियास,
सा. न. वि. वि.

मोईनभाऊ आले, रॉड बसला, तीन कप चहा प्याले. पडदा ओढला तेव्हा हे हसले. आता तोंडाच्या एकाच बाजूनं हसू येते, पण आलं. एवढा लांब काहून, असं विचारलं. मी म्हटलं, आजकाल असेच लावतात, तुम्हाले बायांच्या गोष्टी काय कळतात.

भिया, तुझ्याशी खोटं बोलली. तिकडं रंग नाही, भेग आहे. खिडकीच्या वरच्या कोपऱ्यातून निघते अन् तिरपी छताकडे जाते. संक्रांतीले केसासारखी होती. आता तीत माझं नख जाते. पलंगावरून नजर सरळ तिथंच पडते, म्हणून मी रॉड लांबवला.

हे घर यायनं कसं बांधलं ते तू पाह्यलं आहे. ड्युटीवरून आले की अंगावरची खाकी न काढता पाइप घेऊन भिंतीवर पाणी मारत बसायचे. मिस्त्री हसायचे, की साहेब, गाय धुवून राह्यले का. यायच्या खानदानात सिमेंटचं हे पहिलं घर. गावातून कोणी आलं की आधी भिंतीवर थाप मारून दाखवायचे. डॉक्टर म्हणे, मनाले धक्का बसू देऊ नका, दुसरा झटका आला तर आमच्या हातात काही राहणार नाही. तूच सांग, मी यायले ती भेग कशी दाखवू?

मोईनभाऊले मी सांगतलं आहे की भियाले बोलू नका. तरी मीच तुले लिहून राह्यली. मनात ठेवून ठेवून जीव थकते.

या बहिणीले आपलं म्हणत जा.

पुष्पा


मुकुटबन,
११ एप्रिल २०२४

चि. सौ. पुष्पास,
अ. उ. आ.

तुझं पत्र यायच्या आधीच मोईननं सांगतलं. तुले कबूल केलं होतं म्हणून दोन दिवस गप राह्यला, मंग त्याच्यानं राहवलं नाही. तो म्हणे, ड्रिल लावलं तर जोर न लावता आत गेलं, अन् बोट मारलं तर प्लास्टर पोकळ वाजलं. ब्रॅकेटसाठी तीन ठिकाणी भोकं बदलावी लागली.

पुष्पा, तुमचे प्लॉट पाडले तो लेआउट म्हणजे परवापर्यंतचं कापसाचं वावर. खाली काळी माती. उन्हाळ्यात फाटते, पावसाळ्यात फुगते, अन् तिच्यावर उभं असन ते सगळं तिच्यासोबत हालते. आजूबाजूच्या घरांचंही पाहून घे. धर्मपाल मिस्त्रीनंच घर बांधलं ना? त्याले बोलाव. भाटव्यांले सांग की कूलरची खिडकी पाहायले आला.

मी पडदे विकतो, तरी सांगतो, पडदा हा भिंतीचा इलाज नाही. भाटव्यांचं मन जपायचं ते जप, पण भिंतीकडे पाठ फिरवू नको. रात्री तुम्ही दोघं त्याच खोलीत झोपता, हे माझ्या मनातून जात नाही.

जपून राहा अन् लवकर लिही.

रामसिंग


मारेगाव,
८ सप्टेंबर २०२४

तीर्थस्वरूप रामसिंग भियास,
सा. न. वि. वि.

भिया, भेग मिटली! खोटं नाही सांगत. आषाढापासून कमी कमी होत गेली, अन् आता तीत कागद घातला तर जात नाही. धर्मपाल मिस्त्री येऊन गेले. बाहेरून पाह्यलं, वाकून पाह्यलं, अन् म्हणे कॉलम अन् स्लॅब शाबूत आहे, दोन कॉलममधल्या या भिंतीचं उन्हाळ्यात पाहू. त्यायचं तोंड जरा उतरलेलं वाटलं, पण त्या माणसाचं तोंड सदाच तसं असते. मी स्वतः पुट्टी आणून भरली, वर रंग मारला. हे झोपले होते तेवढ्यात काम केलं.

यायचंही बरं आहे. डाव्या हातानं भाकर मोडून खातात. पोळ्याले राजकुमार पुण्याहून आला होता. बापलेकांनी दिवसभर रस्त्याच्या गाड्या मोजल्या. राजकुमार म्हणे घर विकून टाका अन् पुण्याले चला. तिकडे एका खोलीत तीन पोट्टे राहतात, त्यात हा आम्हाले कुठं ठेवते? पण बोलला, तेवढ्यानंच मले बरं वाटलं.

आता तो जाड कपडा काढावा म्हणते. खोलीत अंधार वाटते. तुझ्याकडे पिस्त्याच्या रंगाचा हलका कपडा आला असन तर पाठव. रॉडही कापून छोटा करता येते का? तू म्हणशील, ही बाई एकदा लांब मागते, एकदा आखूड. कर, अजून मस्करी कर माझी. आज मले काहीच वाईट वाटणार नाही.

घरात सगळ्यांले माझा नमस्कार पोचवायचा अन् वहिनीनं लोणचं पाठवायचं.

तुझी,
पुष्पा


मारेगाव,
११ मार्च २०२५

तीर्थस्वरूप रामसिंग भियास,
सा. न. वि. वि.

लिहू की नको, असं करता करता होळी आली.

भेग उघडली, भिया. पुट्टीसकट उघडली. यंदा डाव्या कोपऱ्यातून, उजव्या कोपऱ्यातून अन् खिडकीच्या खालूनही निघाली. दुपारी डावीकडच्या भेगेतून उन्हाची रेघ आत येते. काल मी भांडे घासत होती तर धप्प आवाज झाला. येऊन पाह्यलं तर ब्रॅकेट प्लास्टरच्या ढेकळासकट खाली आलेलं, अन् रॉड यायच्या पायापाशी पडलेला. लागलं नाही. हे जागे होते. काय झालं म्हणून विचारलं, अन् माझ्या तोंडून निघून गेलं की मोईनभाऊनं काम कच्चं केलं. मंग हे तुटक्या बोलीत त्यायले नाही नाही ते बोलले. मी प्लास्टरची ढेकळं गोळा करत राह्यली. त्या माणसासमोर मी कोणत्या तोंडानं जाऊ?

धर्मपाल मिस्त्री सकाळी आले. म्हणे, विटांची भिंत कॉलमपासून सुटली आहे. पाडून नवी बांधली तरी खाली माती तीच, दोन उन्हाळ्यांत ती पण जाईन. मंग काय करू, असं विचारलं तर टोपी काढून डोकं खाजवत बसले. घर बांधणाऱ्या माणसाले असं बसलेलं पाहून मी आत जाऊन चहा टाकला.

आता मले ट्रॅक पाहिजे. छताले ठोकलेला, खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. पडदा जमिनीपर्यंत. ती भिंत यायले दिसलीच नाही पाहिजे. नाही म्हणू नको.

पुष्पा


मुकुटबन,
२४ मार्च २०२५

चि. सौ. पुष्पास,
अ. उ. आ.

तुझ्या घरी ट्रॅक ठोकून आलो त्याले चार दिवस झाले. तिथं तोंडानं बोलता आलं नाही ते लिहितो.

मोईनचं मनाले लावून घेऊ नको. त्याले सांगतलं तर म्हणे, माझं नाव घेऊन त्या घरात शांती राहत असन तर बहीणजीले खुशाल घेऊ द्या. अन् पुढच्या कामाले निघून गेला.

तू चहा टाकायले गेली तेव्हा मी बाहेरून चक्कर मारली. कॉलम अन् भिंत यायच्या मधात माझी चार बोटं गेली. भिंत बाहेर झुकली आहे. तिले आता घराचा आधार नाही अन् घरालेही तिचा नाही. छतात ड्रिल मारलं तर त्याचं टोक तापून लाल झालं, एवढा स्लॅब पक्का. म्हणून ट्रॅक बसला. त्या भिंतीत मी एक खिळाही ठोकला नसता.

अजून एक. मी स्टुलावर होतो तेव्हा भाटव्यांनी मले विचारलं. दोनदा बोलले तेव्हा समजलं. विचारत होते की ट्रॅक छताले आहे की भिंतीले. मी म्हटलं छताले. त्यायनं डोळे मिटले अन् चांगलं केलं म्हणाले. मले तेव्हापासून चैन नाही. त्या माणसाले काय माहीत आहे अन् काय नाही, ते तू एकदा शांत डोक्यानं पाह्य.

पावसाच्या आधी इकडे या. आमचं घर दुकानाच्या वर आहे, जिना अरुंद आहे, हे कबूल. चार माणसं लावून वर चढवू. वहिनीनं खोली रिकामी करून ठेवली आहे. तिनं सांगतलं आहे की पुष्पानं नाही म्हटलं तर ती स्वतः भांडायले येईन.

उत्तराची वाट पाहून राह्यलो.

रामसिंग


मारेगाव,
३० एप्रिल २०२५

तीर्थस्वरूप रामसिंग भियास,
सा. न. वि. वि.

वहिनीले सांग, भांडायले ये, पण आम्ही येत नाही. मी विचारलं यायले. म्हटलं, हवापालट म्हणून महिनाभर मुकुटबनले जाऊ. यायनं डाव्या हातानं पलंगाची कड धरली अन् सोडलीच नाही. जोर करून सोडवावी तर यायले दम लागते. मंग मीच म्हटलं, नाही जात, नाही जात. लहान लेकरासारखे रडले. असं रडताना मी यायले कधी पाह्यलं नव्हतं, सासूबाई गेल्या तेव्हाही नाही.

मी पलंग मागच्या भिंतीले लावून घेतला आहे. मी दारापाशी झोपते. याहून जास्त मले काही सुचत नाही.

ट्रॅक छान चालते. एका बोटानं पडदा सरकते, आवाज नाही. पण हे आता पडदा उघडू देत नाहीत. सकाळीही नाही. उघडायले गेली की मान हालवतात. पहिले पहिले मले वाटलं, बरं झालं, आता भेग दिसायची भीती नाही. आता दिवसभर खोलीत तुझ्या पिस्त्याच्या पडद्यातून आलेला उजेड राह्यते, अन् त्यात आम्ही दोघं बसतो. तू लिहिलं तसं मी शांत डोक्यानं पाह्यलं, भिया. पाह्यलं अन् विचारायची हिंमत झाली नाही.

राग धरू नको. आम्ही असेच आहो.

पुष्पा


मारेगाव,
२७ सप्टेंबर २०२५

तीर्थस्वरूप रामसिंग भियास,
सा. न. वि. वि.

फोनवर तुले फक्त एवढंच सांगता आलं की भिंत पडली अन् हे वाचले. तू पावसात गाडी घेऊन आला, यायले उचलून ठेवलं अन् गेला. गडबडीत बाकी सांगायचं राहून गेलं. ते आता लिहिते. आता आम्ही शेजारच्या अलफियाच्या चुलत्याच्या खोलीत भाड्यानं आहो, तू ठेवलं तिथंच.

त्या दिवशी मी अंगणवाडीत खिचडी वाटत होती. अलफिया ओढणी न सावरता धावत आली. मी सगळं तिथंच टाकून पळाली. रस्त्यावर माणसं उभी होती. भिंत खिडकीसकट बाहेर पडलेली, विटांचा ढीग रस्त्यापर्यंत. अन् भिंतीच्या जागी आपला पडदा. वरून खालपर्यंत, या टोकापासून त्या टोकापर्यंत, जसाच्या तसा. वारा आला की आत जायचा, गेला की बाहेर यायचा. माणसं त्याच्याकडे पाहत होती. कोणी हात लावला नव्हता.

मी कडेनं आत गेली. हे उताणे पडून होते, अंगावर, मिशीवर धूळ. मले वाटलं, हे विचारतीन काय झालं. यायनं विचारलं नाही. डावा हात उचलून इशारा केला की पडदा नीट ओढ, लोक पाहून राह्यले.

भिया, मी ओढला. बाहेर भिंत नव्हती अन् मी पडद्याची कड नीट करत होती.

मंग यायच्या उशाशी बसून विचारलं, की तुम्हाले केव्हापासून माहीत होतं. थांबून थांबून बोलले. म्हणे, पहिला रॉड लावला त्याच्याही आधीपासून. पलंगावर पडल्या पडल्या विटा सरकल्याचा बारीक आवाज ऐकू यायचा. मी विचारलं, मंग बोलले काहून नाही? तर म्हणे, पडदा लागला तेव्हा तू किती दिवसांनी हसली होती.

दीड वर्ष आम्ही एकमेकांपासून एकच गोष्ट लपवली अन् दोघंही त्याच खोलीत झोपलो.

मोईनभाऊले सांग, यायनं तुमचं नाव घेऊन हात जोडले. जोडले म्हणजे एकच हात कपाळाले लावला.

पुष्पा


मुकुटबन,
६ ऑक्टोबर २०२५

चि. सौ. पुष्पास,
अ. उ. आ.

तुझं पत्र वहिनीले वाचून दाखवलं. अर्ध्यातून मोईननं पुढं वाचलं.

उरलेल्या घरात आता कोणी जाऊ नका. तलाठी येऊन पाहून गेला, त्याचं काय झालं ते कळव. मिस्त्रीशी मी बोललो. तो म्हणे, बाकीच्या भिंतीही त्याच वाटेनं आहेत. मी तुले खोटी आशा देत नाही, पुष्पा.

माझ्या हातानं होण्यासारखं एकच आहे. मोईन ट्रॅक सोडवून आणीन. नव्या खोलीच्या खिडकीचं माप कळव, कापून तिथं बसवून देऊ. पडदाही धुऊन आखूड करू. चार दिवस का होईना, आपलं काही तरी समोर असावं.

तब्येतीले जप. मी दर आठवड्याले येत जाईन.

रामसिंग


मारेगाव,
२७ ऑक्टोबर २०२५

तीर्थस्वरूप रामसिंग भियास,
सा. न. वि. वि.

तू खिडकीचं माप मागतलं. मी टेप घेऊन खुर्चीवर चढली होती. यायनं आवाज दिला. आजकाल दिवसातून एखादाच शब्द बोलतात, म्हणून मी लगेच खाली उतरली.

मी सांगतलं की रामसिंग ट्रॅक लावून देते, आपलाच पडदा. यायनं मान हालवली. मंग मी म्हटलं, दुसरा घेऊ, साधा रॉड घेऊ. तरी नाही. मले वाटलं ऊन लागत असन, विचारलं, तर तेही नाही. कितीक वेळानं मले समजलं की पलंग फिरवायले सांगून राह्यले.

अलफियाले बोलावलं. दोघींनी पलंग उचलून फिरवला. आता खिडकी यायच्या पाठीमागं आहे अन् समोर कोरी भिंत, मालकाची. तिच्यावर ना फोटो आहे, ना खिळा, ना भेग. हे दिवसभर तिकडे तोंड करून राह्यतात. मी बाजूले बसून तांदूळ निवडते.

मोईनभाऊले म्हणा, येऊ नका. ट्रॅक राहू दे तिथंच, नाही तर कोणाले लागला तर देऊन टाका.

दिवाळी झाली. तुमच्याकडची कशी झाली, ते लिही. वहिनीले नमस्कार. आम्हाले विसरू नका.

तुझी बहीण,
पुष्पा